साबिराची जबानी

मी दमयंती, सुकापूरची. पनवेलात बहिऱ्या पोरांची सरकारी निवासी शाळा होती, तिथं एकवीस वर्षं भात शिजवला. माझं तोंड फटकळ हाय, आधीच सांगते. मागनं नावं ठेवू नका.

ब्याण्णव साली तिथं कमलाकर सर अधीक्षक होते. त्यांचा कायदा एकच. पोरांनी तोंडानं बोलायचं, हातवारे बंद. हात हलला की बोटांवर लाकडी पट्टी, तीपण उभी धरून. अरे, ज्याला ऐकू येत नाय त्याचे हात हीच त्याची जीभ. पण सांगणार कोण? मी पडले चुलीपुढची बाई.

साबिरा उरणची, आठ वर्षांची. ऑक्टोबरचं ऊन, आणि तिनं सकाळी वर्गात हातानं पाणी मागितलं. सरांनी तिच्याच वेणीची रिबीन सोडून तिचे हात पाठीमागं बांधले. "पाणी म्हण, मग पाणी मिळेल." आता पोरीच्या तोंडात 'पाणी'चं 'आई' व्हायचं. तिला तेवढंच जमायचं. ती म्हणायची, "आई." बांधलेल्या बोटांवर पट्टी. पुन्हा "आई." पुन्हा पट्टी. पोरांची जेवणं उरकली तरी तेच चाललेलं. मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं आणि मी भांडी घासत होते. त्याची लाज मला अजून वाटते.

दोनच्या सुमाराला आवाज बंद झाला, तशी मी धावले. साबिरा फरशीवर आडवी, बोटं वांग्यासारखी काळीनिळी. आणि हा बाप्या पट्टी उगारून म्हणतोय, "ऊठ, नाटकं करू नको." माझं डोकंच फिरलं. हातात लोखंडी कालथा होता, तो घातला खांद्यात. सर वळले तसा दुसरा कपाळावर बसला. कपाळातलं रक्त डोळ्यांत आलं आणि सर भिंतीला टेकून खाली बसले. तिसरा मारायची गरज नव्हती. तरी मारला.

मी रिबीन सोडून पोरीला पाणी पाजलं. तोवर शाळेचा शिपाई काशिराम पोलीस हवालदाराला घेऊन आला.

"बाई पिसाळली," सर म्हणाले. "मुलीला फिट आली, मी उचलत होतो."

"खोटं बोलतात. पोरीला विचारा," मी म्हटलं. "ती हातानं सांगते, मला समजतं."

"मारणारी तू, आणि सांगणारीपण तूच?" हवालदार म्हणाला.

त्याचंही खरंच होतं. पण मला आत टाकलं की पोरगी पुन्हा या माणसाच्या ताब्यात, आणि मग तिचं मढंच उचलावं लागेल.

हवालदार तिच्यापुढं वाकला. सरांकडं बोट करून हातानंच विचारलं, यांनी काय केलं?

साबिरा उठली. सुजल्या बोटांनी पट्टी उचलली, उभी धरली आणि सरांच्या फरशीवरच्या पंजावर हाणली. मग हवालदाराकडं बघितलं, समजलं का म्हणून. सरांनी हात ओढला, तिनं दुसऱ्यावर हाणली. पुन्हा बघितलं. हाड वाजलं. हवालदार तिला धरायला पुढं झाला.

मी आडवी गेले. "तिचे हात धरू नका, साहेब. जबानी चाललीय तिची."

हवालदार थांबला. सर "बस, बस" म्हणून ओरडत होते. ते तिला कुठं ऐकू येणार.