उलटमावशीची गोधडी

कुणी भरतकाम समोर ठेवलं की मावशीचा हात आधी कापडाच्या कोपऱ्याकडे जायचा. समोरून फूल कसं दिसतंय, रंग कसे जमलेत, याकडे ती ढुंकूनही बघत नसे. कापड फर्रकन उलटं करायचं, मागच्या गाठी आणि लोंबणारे दोरे बघायचे आणि नाक असं मुरडायचं, की समोरच्या बाईला आपण घरून काहीतरी नासकं पिशवीत घालून आणलंय असं वाटावं. "या गाठी आहेत की वाटाणे?" हा तिचा ठरलेला प्रश्न. गल्लीतल्या बायकांनी तिचं नाव उलटमावशी ठेवलं होतं. ते तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला आवडलंही होतं. सरळ बाजू काय, कुणीही सजवतं. मागून नीट काम करणारी माणसं तिच्या मते या गल्लीत फारच थोडी होती, म्हणजे ती स्वतः.

दर गुरुवारी दुपारी तिच्या पुढच्या खोलीत बायका जमत. कुणाची तुकडे जोडून चाललेली गोधडी, कुणाचा उशीचा अभ्रा, कुणाचा टेबलावर घालायचा रुमाल. आठवडाभरात काम किती पुढे सरकलं ते दाखवायचं आणि मावशीची बोलणी खायची. हौसेने बोलणी खायला कोण जातं, असं कुणालाही वाटेल. पण या जायच्या, कारण मावशीची बोलणी म्हणजे मान होता. तिने नाक मुरडून "उसव" म्हटलं, तर ती बाई अजून हाताबाहेर गेलेली नाही. उलट बाजू बघून तिने काहीच न बोलता कापड परत दिलं, तर त्या बाईने आठवडाभर हवेत चालावं. हे भाग्य आजवर फक्त तिच्या भाचीला लाभलं होतं, तेही एकदाच. आणि जिच्यापुढे मावशीने हात टेकले, तिचं कापड ती उलटं करायच्या भानगडीतच पडत नसे. नुसती मान हलवून म्हणायची, "छान हं." लहान मुलाने भिंतीवर रेघोट्या मारल्या की म्हणतात ना, तसं.

औषधवाल्याच्या बायकोला दर गुरुवारी "छान हं" मिळायचं आणि ती बया ते खरं समजून खुशीत घरी जायची. मावशीला तिची जरासुद्धा दया आली नाही. एवढंही कळत नसेल तर सुई हातात घ्यावीच कशाला? दुकानात बसून गोळ्या विकाव्यात.

भाची म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. सुई धरायला शिकवलं आणि शिकवता शिकवता इतकं उसवायला लावलं, की पोरीच्या पहिल्या रुमालात टाके कमी आणि भोकं जास्त झाली. भाची रडायची, नाक पुसायची आणि पुन्हा भरायला बसायची. आता ती नकाशे काढायच्या कचेरीत होती आणि तिची लांबच्या शहरात बदली झाली होती. तिच्यासोबत द्यायला मावशी एक गोधडी करत होती. भाचीच्या शाळेच्या गणवेशाची बाही, बहिणीच्या निळ्या झग्याचा घेर, जुन्या पडद्यांचे न विटलेले तुकडे, सगळं नेटकं जोडून झालं होतं. मधोमध पांढरा चौकोन होता आणि त्यावर फुलांची वेल भरायची होती.

घोडं तिथेच अडलं. गेल्या हिवाळ्यापासून मावशीच्या डोळ्यांपुढे कुणीतरी ताकाचा हात फिरवून गेल्यासारखं झालं होतं. सुईचं नेढं दिसत नव्हतं. हिरवा आणि तपकिरी दोरा खिडकीपाशी धरला तरी सारखेच वाटायचे. डोळे दाखवायला जावं, तर तिथला डॉक्टर म्हणजे कालचं पोर. त्याच्या पांढऱ्या कोटाचं बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं तिने बाजारात स्वतः पाहिलं होतं, अर्थात डोळे चांगले होते तेव्हा. ज्याला स्वतःचं बटण धड लावून घेता येत नाही, त्याच्या हातात डोळे द्यायचे? मावशीने तो विषय तिथेच संपवला.

वेल मात्र तिने भरली, बोटांच्या सवयीवर. समोरून हात फिरवला तर पाकळ्या बऱ्या लागत होत्या. मग तिने खालून हात घातला आणि तिचा चेहराच उतरला. जागोजागी गाठी. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उड्या मारत गेलेले दोरे. एका ठिकाणी तर दोऱ्याचा चक्क गुंता, औषधवाल्याच्या बायकोलाही शोभला नसता असा. असं काम दुसऱ्या कुणी आणलं असतं तर मावशीने ते उलटं केलंच नसतं.

उसवून पुन्हा भरावं, तर पुन्हा तेच होणार, हे तिला कळत होतं. एकच मार्ग उरला होता. अस्तर. एकदा मागून अस्तर शिवलं की वेलीची उलट बाजू कायमची आत जाते, मग उलटी करा नाहीतर सुलटी करा. भाची निरोप घ्यायला यायच्या गुरुवारआधी अस्तर बसायलाच हवं होतं. सगळ्या गल्लीने पाहिलं असतं तरी मावशीने त्यांना जुमानलं नसतं. भाचीने ते पाहावं, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

पण अस्तर लावायचं तरी सुईत दोरा हवा, आणि वेलीपुरता ओवता ओवताच तिचा जीव मेटाकुटीला आला होता. मावशीने त्याचीही तोड काढली.

"सुई ओवायची पद्धत असते," आधीच्या गुरुवारी तिने औषधवाल्याच्या बायकोला सुनावलं. "दोरा असा पिंजारलेला घालतेस म्हणून टाका बिघडतो. बैस इथे. या सगळ्या सुया ओवून दाखव."

"सगळ्या?"

"एक ओवून कुणाला अक्कल आलीय आजवर?"

ती बिचारी मान खाली घालून दुपारभर सुया ओवत बसली. आणि घरी जाताना वर म्हणाली, "मावशी, आज खरंच काहीतरी शिकले हो!" मावशीने दार लावून घेतलं आणि कपाळावर हात मारला. आपण हिला फसवलं याचं तिला काही वाटलं नाही. ही इतक्या सहज फसते, याचा मात्र मनापासून राग आला.

त्या ओवलेल्या सुया आठवडाभर पुरवून मावशीने अस्तराच्या तीन बाजू शिवत आणल्या. चौथ्या बाजूला नुसते लांब कच्चे टाके घातले, तेवढ्यात सुया संपल्या आणि गुरुवार उजाडला.

बायका जमल्या. गोधडी मोठ्या टेबलावर पसरली होती, उघडी बाजू मावशीने आपल्या खुर्चीकडे घेतली होती.

"अगं बाई, काय ती वेल!" औषधवाल्याच्या बायकोने दोन्ही हात गालांना लावले. "वाटतं आत्ता वाऱ्यावर हलेल."

"हलायला ती काय दोरीवर वाळत घातलीय?" मावशी म्हणाली.

शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी चष्मा पुसून घातला आणि वाकून बघितलं. "पाकळ्या अगदी एकसारख्या. तुमचा हात म्हणजे हात आहे, मावशी."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आयुष्यभर पोरांना वर चढवण्यात गेलेली बाई, हिला नापास करणं कुठून जमणार? नाकासमोर तपकिरी पान आहे की हिरवं, याचा पत्ता नाही आणि म्हणे हात! मावशीला आतून चीड येत होती. एवढ्या बायका, एवढे चष्मे, आणि एकीलाही दिसू नये? आपण लपवतोय ते यांना सापडत नाही, यात सुटकेचं समाधान वाटायला हवं होतं. पण असल्या आंधळ्या कौतुकाच्या जिवावर सुटणं तिला फार हलकं वाटलं.

मग भाची आली. चप्पल काढली, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि सरळ टेबलाशी गेली. आधी तिने वेलीकडे पाहिलं. एका पानावर तिची नजर जरा अडखळली. मग कोपऱ्यातल्या सुयांच्या गादीकडे गेली. तिथे रिकाम्या सुया ओळीने टोचलेल्या होत्या आणि एकीच्या नेढ्यात अर्धवट अडकलेला, चावून चावून चपटा झालेला दोरा होता. भाचीचा हात नकळत गोधडीच्या कोपऱ्याकडे गेला. सवयच ती, मावशीनेच लावलेली.

हात कोपऱ्यापाशी थांबला. भाचीने वर बघितलं, मावशीच्या डोळ्यांत, जरा जास्तच वेळ. मग हात मागे घेतला आणि मान हलवून हळुवार म्हणाली, "छान हं, मावशी."

मावशीच्या कानशिलात कुणी लगावली असती तरी तिला इतकं लागलं नसतं.

बाकीच्या बायकांना काही कळलं नाही. त्यांनी आपापली कामं दाखवली. मावशीने त्या दिवशी एकीचंही कापड उलटं केलं नाही, सगळ्यांना "छान हं, छान हं" म्हणत सुटली, आणि बायका आज मावशीचा मूड काय मस्त आहे म्हणत घरी गेल्या. दार लागलं. भाची पेले उचलायला लागली.

"ठेव ते," मावशी म्हणाली. "काय म्हणालीस मघाशी?"

"कधी?"

"वेड पांघरू नकोस. गोधडीला काय म्हणालीस?"

"छान आहे म्हटलं. आहेच की."

"उलटून बघितलीस?"

"कशाला, मावशी? तू केलीयेस ना."

"मी औषधवाल्याची बायको आहे का?" मावशीचा आवाज चिरकला. "मला छान म्हणतेस? मला? तुला सुई कुणी धरायला लावली? उलट ती. आत्ताच्या आत्ता."

भाचीने पेले खाली ठेवले. उघड्या बाजूचे कच्चे टाके बोटाने ओढून काढले, अस्तर वर केलं आणि गोधडी खिडकीच्या उजेडात धरली. बघत राहिली. काहीच बोलेना. क्षणभर मावशीच्या मनात एक निर्लज्ज आशा उगवली, की ही ती न बोलता कापड परत देण्यातली चुप्पी तर नव्हे! आणि त्या आशेची तिला लगेच इतकी शरम वाटली, की तिने मान फिरवली.

"मावशी," भाची म्हणाली, "या गाठी आहेत की वाटाणे?"

मावशीने वळून पाहिलं. चेहरा धूसर होता, पण मुरडलेलं नाक तिला नीट कळलं. ते तिचंच नाक होतं.

"आणि हे पान तपकिरी का आहे? वाळलंय?"

"वाळलंय," मावशी म्हणाली.

"उसव."

"सगळी?"

"सगळी वेल. आणि डोळे दाखवल्याशिवाय पुन्हा भरायची नाही. उद्या मी घेऊन जाणार तुला."

"त्या बटणवाल्याकडे?"

"त्याच्याकडेच. बटण तू लावून दे हवं तर, डोळे बरे झाल्यावर."

"तुझी बदली आहे. गोधडी राहील मग."

"राहू दे. नंतर येऊन नेईन. असली नेणार नाही मी."

"नेऊ नकोस! आग्रह कुणी केलाय?" मावशी ओरडली. तिचे डोळे भरून आले होते आणि आधीच कमी दिसायचं, त्यात आता काहीच दिसेना. "कात्री दे इकडे. ती नव्हे, कापडाची देतेस काय, टोकाची! इतकी वर्षं शिकवलं, कात्री कुठली द्यायची ते कळत नाही."

भाचीने टोकाची कात्री तिच्या हातात दिली, तिचं बोट धरून पहिल्या गाठीवर नेऊन ठेवलं आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसली.

"हळू," ती म्हणाली. "कापड फाटेल."

आणि जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेली मावशी हळू उसवू लागली.