खोटं काडतूस

गुन्वोरने काउंटरवर दोन काडतुसं उभी केली. एक साडेसहा मिलिमीटरचं, करंगळीएवढं. दुसरं तीनशे अडतीस नंबरचं, अंगठ्याएवढं जाड. मग ती हात पुसत मागे सरली आणि हालग्रिम काय करतो ते बघत राहिली.

म्हाताऱ्याने जाडं उचललं, तळहातावर तोललं आणि होतं तिथे ठेवून दिलं. बारक्याला त्याने हातही लावला नाही. ते पन्नास वर्षं त्याच्या खिशातच होतं.

"या जाड्याची बंदूक दे," तो म्हणाला. "ओडवारनं सांगितलीय ती."

"ओडवारला काय कळतंय?"

"तुझा भाऊ आहे तो."

"म्हणून तर सांगतेय."

एरवी हालग्रिम यावर हसला असता. आज त्याने फक्त टोपी काढून काउंटरवर ठेवली.

त्या दरीतली माणसं एक वेळ पक्ष बदलतील, पण कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, बदला म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. सप्टेंबरात एल्कची शिकार तोंडावर आली की गुन्वोरच्या दुकानात हाच विषय. साडेसहाची गोळी सपाट जाते, वारा तिला फारसा ढकलत नाही, तीनशे मीटरवरच्या कागदाला भोक पाडावं तर तिनेच, आणि खांद्याला धक्काही बेताचा. पण एल्क म्हणजे घोड्याहून उंच जनावर. त्याच्यासाठी ती गोळी तिच्याहून जाड तीस-शून्य-सहा वापरणाऱ्यांना चिमुकली वाटायची, आणि सगळ्यांत जाड नऊ-तीनवाले या दोघांनाही हसायचे. हालग्रिम या वादात कधी पडला नव्हता. उन्हाळ्यात ज्या बंदुकीने तो चांदमारीची बक्षिसं आणायचा, तिनेच पुढे एल्क पाडायचा. गोळी केवढी ते बघू नका, लागते कुठे ते बघा, असं सांगत त्याने अर्ध्या दरीला नेम धरायला शिकवलं होतं. गुन्वोरलाही.

गेल्या साली मात्र विपरीत घडलं. दलदलीकाठच्या त्याच्या ठिय्यासमोर दोनदा एल्क आले आणि दोनदा निघून गेले. बार सगळ्यांनी ऐकले. ओडवार कुत्रं घेऊन दोन्ही वेळा अंधार पडेपर्यंत माग काढत हिंडला. रक्ताचा थेंब नाही, केसाचा पुंजका नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर नाचणारा हालग्रिम! तो चुकला असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना, म्हणून सगळ्यांनी मिळून अंगणालाच वाकडं ठरवलं. गोळी बारीक आहे, जनावराला लागते पण रक्त येत नाही, ते लांब कुठेतरी जाऊन मरतं. ओडवार शिकारीच्या गटाचा म्होरक्या. त्याने फर्मान काढलं की यंदा मोठी बंदूक आणा, नाहीतर ठिय्या सोडा.

ठिय्या सोडायचा म्हणजे गट सोडायचा. नदीपलीकडच्या घरात हालग्रिम एकटा राहायचा. डोंगरातल्या त्या लाकडी खोपटातला एक आठवडा, ओले मोजे, काळी कॉफी आणि त्याच त्या जुन्या थापा, एवढ्यावर त्याचं वर्ष निघायचं. ते सगळ्या दरीला ठाऊक होतं.

गुन्वोरला गोळीचं काही खरं वाटत नव्हतं. म्हातारा धक्क्याला घाबरायला लागला असणार, असा तिचा होरा होता. वय झालं की भल्याभल्यांचं होतं. तसं असेल तर ही तोफ विकणं म्हणजे आगीत तेल.

"घ्यायच्या आधी झाडून तरी बघा," ती म्हणाली. "चला, मी येते."

चांदमारीच्या मैदानावर चिटपाखरू नव्हतं. बर्चची झाडं पिवळी पडायला लागली होती. हालग्रिम चटईवर पालथा झाला, कोपर टेकले आणि दस्ता खांद्यात बसवला. काडतुसं गुन्वोरने स्वतः भरली. दोन खरी, आणि त्यांच्याखाली एक खोटं, बिनदारूचं. धक्क्याची भीती अशीच पकडतात. बार होणारच म्हणून अंग आधीच आवळतं, खांदा पुढे होतो आणि नळी खाली बुडते. खऱ्या बारात ते धक्क्याआड लपतं, खोट्यात उघडं पडतं.

पहिला बार डोंगरावर जाऊन परत आला. दुसराही. तिसऱ्यांदा नुसतं टिच्‌ झालं.

नळी हलली नाही. गुन्वोर गुडघ्यावर बसून तिच्या टोकाकडेच बघत होती. ती केसभरही हलली नाही. गाल दस्त्यावर तसाच, बोट चापावर तसंच.

हालग्रिमने खोटं काडतूस बाहेर काढून बोटात फिरवलं.

"बापानं शिकवलं होय तुला हे?"

"बापानं कसलं, तुम्हीच शिकवलंत."

तिने दुर्बिणीतून लक्ष्य पाहिलं. दोन्ही भोकं कॉफीच्या बशीखाली झाकली असती, तीही तीनशे मीटरवर, पहिल्यांदाच हातात घेतलेल्या बंदुकीने. या दांडगोबालाही जो घाबरत नाही, तो आपल्या साडेसहाने ऐंशी मीटरवरचा एल्क चुकेल? साडेसहाने काय, कशानेही चुकणार नाही. चुकवायचाच असेल तर गोष्ट वेगळी.

"हालग्रिम," ती म्हणाली, "दलदलीवर गोळी कुठे मारलीत?"

तो उठून बसला. पँटवरची माती झटकायला त्याने बराच वेळ घेतला.

"पाठीवरून. मागे टेकाड होतं, ते बघूनच मारली."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"अहो, पण का?"

"पुरे झालं गं." त्याने खांदे उडवले. "काही झालंबिलं नाही. स्वप्नं पडत नाहीत की काही नाही. पिल्लू आलं, समोर उभं राहिलं, आणि मला वाटलं, पुरे झालं आता. खायला अजून आवडतं हो. मारायचं पुरे झालं."

"मग गप्प बसायचं! बार कशाला काढलात? ओडवार आणि ते कुत्रं रात्रीपर्यंत रान तुडवत होते."

"कुत्रं मागावरच असतं, गुन्वोर. जनावर माझ्यासमोरून गेलं हे लपत नाही. बार काढला नाही तर लोक विचारतात, का नाही काढला. चुकला म्हटलं की बिचारे विषय बदलतात."

गुन्वोरला त्याचा राग आला आणि त्याच दमात त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं.

"ओडवारला सांगून टाका सरळ," ती म्हणाली.

"यूस्तेननं सांगितलं होतं."

यूस्तेन तिचा चुलतभाऊ. बंदूक सोडली आता, नुसता सोबतीला येतो, असं तो एकदा म्हणाला होता. सगळे हसले, त्याला प्यायलाही दिलं. खायला काळ अन् भुईला भार, असं ओडवार थट्टेतच बोलून गेला. त्या आठवड्यात मात्र जनावर पडलं की जो तो आधी यूस्तेनच्या तोंडाकडे बघायचा, आणि ते कुणाला मानवलं नाही. पुढच्या सप्टेंबरात त्याला कुणी फोन केला नाही. वाईट कुणीच वागलं नव्हतं. नुसता फोन केला नाही. उलट गटातल्या म्हाताऱ्या पेडरची नजर गेली, तेव्हा गटाने त्याला चुलीपाशी बसवलं आणि मरेपर्यंत त्याचा मांसाचा वाटा घरपोच केला. म्हातारपणाला त्या लोकांत जागा होती. मन बदललेल्या माणसाला नव्हती.

तेवढ्यात खडीवर चाकं वाजली. ओडवारच होता. दुकानाला कुलूप बघून तो थेट इकडे आला होता. गाडीतून उतरता उतरताच त्याचं सुरू झालं.

"काय हालग्रिम, कशी वाटते नवी नवरी?"

"लाथा मारते," हालग्रिम म्हणाला.

"मारू दे की! एल्कलाही मारेल." मग ओडवारची नजर चटईवरच्या खोट्या काडतुसावर पडली. त्याने ते उचललं आणि बहिणीकडे पाहिलं. "असं होय! तुला धक्क्याच्या भीतीची शंका? मग बोलली नाहीस ते? काय दिसलं?"

"अजून बघितलंच नाही," गुन्वोर म्हणाली. खोटं बोलायला तिला फारसं जमत नसे. तिने मान वळवली.

"मग आता बघू. हालग्रिम, तिकडे डोंगराकडे तोंड करा जरा."

"राहू दे रे, दमलेत ते."

"चार-दोन बारांत? हालग्रिम दमला? हे सांगू नकोस कुणाला."

त्याने पाठ वळवून काडतुसं भरली. गुन्वोर हात बांधून उभी राहिली. आता खोट्यावर टिच्‌ होणार, नळी दगडासारखी राहणार, आणि ओडवार कितीही बडबड्या असला तरी मठ्ठ नव्हता. तिने लावला तोच हिशेब तो लावणार. अंधारात तुडवलेलं रान त्याला आठवेल. आणि मग फोन येणार नाही. थांबवावं तर काय सांगून थांबवावं, हे तिला सुचेना.

हालग्रिम पालथा झाला. पहिला बार झाला. ओडवारने दुर्बिणीतून बघून शीळ घातली.

मग दुसरा चाप. टिच्‌.

आणि नळी धपकन खाली गेली. नुसती बुडाली नाही, चटईपुढच्या गवतात जाऊन टेकली. हालग्रिमचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि खांदा कानाला लागला होता.

"अरे देवा," ओडवार हळूच म्हणाला. एवढ्या हळू बोलताना गुन्वोरने त्याला वडिलांच्या दफनानंतर पाहिलं नव्हतं. त्याने वाकून म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "अहो, मग सांगायचं ना! होतं असं. माझ्या सासऱ्यांचं झालं होतं. आम्ही आपले उगाच गोळीला शिव्या घालत बसलो."

"लाज वाटली," हालग्रिम गवतात तोंड ठेवूनच म्हणाला.

"लाज कसली त्यात? दलदलीवर मी बसतो यंदा. तुम्ही चूल सांभाळा. पेडर गेल्यापासून आम्ही जळका रस्सा गिळतोय. बंदूक घरी ठेवून या, बघणाऱ्यालाही वाईट वाटायला नको. पण या हं. नाही म्हणायचं नाही. शनिवारी सकाळी मीच न्यायला येतो."

"येतो," हालग्रिम म्हणाला.

ओडवारने बहिणीला बाजूला घेतलं. कुणाला सांगू नकोस, म्हाताऱ्याचा मान राहिला पाहिजे, असं त्याने तिला बजावलं. म्हणजे रात्रीच्या जेवणाआधी ते दरीभर होणार हे तिला कळलं. दर उन्हाळ्यात चांदमारीच्या बक्षिसाला सगळ्यांच्या आधी ज्याचं नाव पुकारलं जायचं, तो हालग्रिम आता धक्क्याला घाबरतो म्हणून दुकानादुकानांत लोक माना हलवणार होते. पोरं बारच्या आवाजाला मुद्दाम दचकून दाखवणार होती. भावाची गाडी वळणाआड जाईपर्यंत ती हात हलवत राहिली.

वळून बघते तो हालग्रिम चटई गुंडाळत होता. सावकाश, कडा जुळवून.

"उशीर झाला ना गं?" त्याने वर न बघता विचारलं.

"झाला," ती म्हणाली. "भीती टिच्‌च्या आधी येते. तुमची नंतर आली."

"ओडवारला कळलं?"

"छे. तो कळवळण्यात गुंतला होता."

हालग्रिमने मान डोलवली, चटई बगलेत मारली आणि तोफ दोन्ही हातांनी उचलून तिला परत दिली.

"पन्नास वर्षं न हलायची सवय केली," तो म्हणाला. "एका दुपारीत कशी मोडेल?"