काठ मोकळा आहे

व्हीपीएनला मी मनातल्या मनात सवत म्हणते. संसार माझा आणि मिनतवाऱ्या तिच्या. माझ्या घरच्या कॉम्प्युटरपासून धरणाच्या दरवाजांपर्यंत जाणारी ती एकच बंद वाट. ती जोडली गेली की पाचही दरवाजे माझ्या पडद्यावर दिसतात आणि माझ्या बटणावर हलतात, धरणावरचा भोंगाही तिथूनच वाजतो. धरणावरची खोली बंद करून ऑफिसने हे काम माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं, त्याला आता दोन वर्षं झाली.

त्या दिवशी तिसऱ्या दरवाजाच्या खाली, पाणी आपटून उखडलेल्या फरशीवर आठ माणसं दुरुस्ती करत होती. त्यातला एक माझा नवरा, टोळीचा मुकादम. मला चार वाजेपर्यंत एवढंच बघायचं होतं की तिसरा दरवाजा बंद आहे. खरं तर अशा वेळी दरवाजाला जागेवर कुलूप घालतात, पण ते गंजून बसलं होतं आणि नवं यायला दोन दिवस लागणार होते. सकाळी बूट चढवताना नवरा म्हणाला, "तू बसलीयेस म्हटल्यावर कुलूप कशाला? तुझ्या परवानगीशिवाय या घरात पंखा फिरत नाही." मी हसले आणि त्याला डबा दिला.

वरच्या खोलीत बाबा होते, माझे वडील. हेच दरवाजे त्यांनी एकतीस वर्षं हाताने चालवले. आता त्यांना माझं नाव दिवसाआड आठवतं, पण ड्युटी चुकत नाही. त्यांचा एक नेम होता. तीन भोंगे दिल्याशिवाय आणि काठावरच्या पहारेकऱ्याने "काठ मोकळा आहे" असा निरोप दिल्याशिवाय दरवाजाला हात लावायचा नाही. निरोप देणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. पहारेकरी जाऊन बारा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले होते, वाद घालू नका, त्यांच्या कलाने घ्या. म्हणून बाबा दिवसातून तीन-चारदा जिन्यातून विचारायचे आणि खालून पहारेकरी मी व्हायचे.

त्यांच्या हाताला चाळा म्हणून मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला होता. ऑफिसचाच. परत मागितला तेव्हा सापडत नाही म्हणून कळवलं, इतकी मी शहाणी. त्यावर फक्त माझं नाव आधीच भरलेला लॉगिनचा चौकोन यायचा. बाबा त्यात आपला कामगार क्रमांक टाकायचे, 'परवानगी नाही' अशी लाल अक्षरं यायची आणि बाबा म्हणायचे, "साहेब अजून आले नाहीत वाटतं." माझा पासवर्डही तोच क्रमांक होता. लहानपणापासून पाठ असलेली ती एकच संख्या. दुसरं काही लक्षात ठेवायचा मला कंटाळा.

साडेदहाला लाईट क्षणभर गेली आणि आली. इंटरनेटही आलं, सवत मात्र रुसली. जोडायची, चाळीस सेकंद टिकायची, मग मला बाहेर फेकायची. पुन्हा जोडली, पुन्हा बाहेर. आदल्या दिवशीही तिने असाच जीव खाल्ला होता आणि मी ऑफिसच्या मदतकक्षाला फोन करून तिथल्या माणसाला फैलावर घेतलं होतं. त्याचं नाव मी सावकाश ठेवलं होतं, कारण तो एकेक शब्द मोजून मापून बोलायचा. आज पुन्हा तोच लागला.

त्याने राउटर बंद करून चालू करायला सांगितला. केला. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे का, पाहायला सांगितलं. होतं. अँटीव्हायरस थांबवला, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. मग म्हणाला, फोनचं इंटरनेट वापरून बघा. तेही केलं, तरी चाळीस सेकंदच. म्हणजे दोष घरच्या इंटरनेटचा नव्हता, हे माझ्यासारखीला कळलं, पण त्याला कळायला वेळ लागत होता.

इथे एक कबूल करते. जोडणी दहा मिनिटांपेक्षा जास्त तुटली तर खालच्या माणसांना फोन करून वर काढायचं, असा नियम होता. तो मीच लिहिला होता. पण दरवाजा काही आपोआप उघडत नाही, असं मी स्वतःला समजावलं. आठ जणांचं काम थांबवून वर नवऱ्याची चेष्टा कोण ऐकून घेणार? सावकाशशी बोलत असतानाच नवऱ्याचा फोन आला. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. या माणसाला नेमकं आत्ताच काहीतरी सुचतं, असं वाटलं.

तेवढ्यात जिन्यातून बाबांचा आवाज आला. "काठ मोकळा आहे का?"

मी फोनवर हात ठेवून ओरडले, "हो, मोकळा आहे, काठ मोकळा आहे."

"नक्की?"

"नक्की हो, बाबा. उघडा एकदाचा."

वर खुर्ची सरकली. इकडे सावकाशच्या बाजूने नुसती कीबोर्डची टकटक येत होती. मी विचारलं, झोपलात का? तो म्हणाला, "ताई, तुम्ही जोडलेल्याच आहात. साडेदहापासून."

मी इथे कपाळाला हात लावून बसलेय आणि हा म्हणतो जोडलेली आहे. मी त्याला काहीतरी लागट बोलले. तो शांतपणे म्हणाला की एका नावावर एकच जण बसू शकतो, जो आधी बसला त्याची खुर्ची. दुसरा चाळीस सेकंदांत बाहेर पडतो.

"मग माझ्या खुर्चीवर कोण बसलंय?"

"यंत्र दुसरं आहे, पण घर तुमचंच दिसतंय. काल तुमची तक्रार आली म्हणून तुमच्या नावावरची दोन्ही यंत्रं मी पुन्हा चालू करून दिली ना."

मी फोन हातात धरूनच वर धावले. जिना बारा पायऱ्यांचा आहे. त्या दिवशी तो संपता संपत नव्हता.

बाबा टेबलाशी ताठ बसले होते, शर्टाची वरची गुंडी लावून. लॅपटॉपवर लाल अक्षरं नव्हती. पाच दरवाजे होते आणि तिसऱ्याच्या बाजूचा आकडा चढत होता. नऊ टक्के. दहा. मी त्यांचा हात बाजूला ढकलून थांबवायचं बटण दाबलं. आकडा बारापर्यंत जाऊन थांबला. मग बंद करायचं दाबलं. दरवाजा उतरायला लागला, पण जेवढ्या सावकाश चढला होता तेवढ्याच सावकाश. बारा टक्के म्हणजे हातभर फट, आणि फटीमागे अख्खा तलाव.

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "तीन भोंगे दिले. दहा मिनिटं थांबलो. निरोप आल्यावरच उघडला."

फोनवर नवऱ्याचे दोन निरोप पडले होते. पहिला, "भोंगा वाजतोय. तूच ना? चाचणी आहे का?" दुसरा त्यानंतर चार मिनिटांनी. "पोरं घाबरून वर निघाली होती. मी थांबवलं. म्हटलं दरवाजावर माझी बायको बसलीय."

मी त्याला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग उचलला, पण आवाज त्याचा नव्हता, टोळीतल्या वेल्डरचा होता. धापा टाकत होता. फोन वर डब्यापाशी ठेवून मुकादम पुन्हा खाली उतरला होता, म्हणाला. मागे पाण्याचा आवाज इतका होता की तो ओरडून बोलत होता.

"सात जण वर आलोत, वहिनी. त्याने सगळ्यांना पुढे काढलं."

आठातून सात वजा करायला मला कोणाची मदत लागत नव्हती. आकडा अजून उतरत होता. तीन, दोन.

बाबांनी वहीत वेळ लिहिली, अकरा वाजून चाळीस मिनिटं. त्यापुढे वळणदार अक्षरात लिहिलं, काठ मोकळा, निरोप देणार मुलगी. आज त्यांना मी आठवत होते. मग त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

"सही कर," म्हणाले. "निरोप तू दिलास ना."