फाइलीत नसलेली घंटा

"घंटा वाजली नाही," रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चाचणीसाठी एका रिकाम्या शीतकपाटाचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. पडद्यावर तापमानाचा आकडा आठवर गेला, तरी घंटा गप्प. संगणकाचं काम पाहणाऱ्या ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

चार महिने त्या संगणक चालवणाऱ्या लिनक्सची नवी पद्धत शिकत होत्या. सगळं मशीन, म्हणजे त्यावर काय काय चालावं ते, एका फाइलीत लिहायचं. फाइलीत असेल तेवढंच मशीनवर येणार, बाकी गेलं. भाषाही तऱ्हेवाईक, हे कर, मग ते कर, असं म्हणायचंच नाही. काय हवं ते सांगायचं आणि गप्प बसायचं. "हे मला घरी कधी जमलं नाही," असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, आणि त्याने लगेच मान डोलावली होती.

आज बारापर्यंत ही पद्धत चाचणीला उतरली नाही, तर काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार आणि ताई नोंदणीच्या खिडकीवर. अकरा चाळीस झाले होते.

"आधीचं परत आणता येईल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. डिस्क सकाळी मीच पुसली."

नोंदी त्यांनी जपून दुसरीकडे ठेवल्या होत्या. घंटा मात्र यादीतच नव्हती. त्यांच्या आधीच्या खटपटेकाकांनी ती कधीतरी हातानेच जोडलेली, कुठे लिहून न ठेवता. इतकी अंगवळणी पडलेली, की ती कोणी बसवली असेल असं ताईंच्या मनातही आलं नाही. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं मागे उरलेलं एवढंच काम आपण पुसलं, हे कळलं तेव्हा ताईंना रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता.

त्या लिहू लागल्या. सहा अंशांच्या वर गेलं, की घंटा. तीनदा.

"तीनदा कशाला?"

"काका म्हणायचे, एकदा वाजली की माणसाला भास वाटतो. दुसऱ्यांदा वाजली की वाटतं, बघेल कोणीतरी. तिसऱ्यांदा उठतो."

मशीनने पहिला मजकूर नाकारला. दुसराही. ताईंनी पदराने हात पुसले, जिथे हुकूम सोडला होता ती ओळ खोडली आणि फक्त काय हवं ते लिहिलं. या वेळी मशीनने निमूटपणे घेतलं. बारा वाजायला सहा मिनिटं होती.

दार पुन्हा उघडलं. पाच. सहा. सात.

घंटा वाजली. पुन्हा वाजली. मग जरा थांबली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा डॉक्टरीणबाई खरोखरच खुर्चीतून उठल्या.

"आता फाइलीत आहे ना?" सही करता करता त्यांनी विचारलं.

"आहे."

त्या गेल्यावर ताईंनी फाइल पुन्हा उघडली. घंटेच्या वर, मशीन जी वाचत नाही अशी एक ओळ त्यांनी लिहिली: ही घंटा खटपटेकाकांची. मग उठून कपाटाचं दार लावलं.