उसना पूर्वज

रकाना १. कुळाचं नाव

बुल्हानने लिहिलं: रेर गोमार, म्हणजे गोमारची लेकरं. अक्षरं इतकी मोठी काढली की ती शेजारच्या रकान्यात घुसली.

बैदोआ शहराच्या पश्चिमेला, दोन विहिरींच्या मध्ये, एकशे चार घरं. सरकारी यादीत मोठ्या कुळांची नावं असत आणि शेवटी 'व इतर'. बुल्हान सत्तर वर्षं 'व इतर' होता. मरण्यापूर्वी एकदा सरकारच्या तोंडून आपल्या कुळाचं नाव ऐकायचं, एवढीच त्याची हाव. संसदेतल्या खुर्च्या कुळांना वाटायच्या होत्या, त्याचाच हा अर्ज. खुर्ची मिळालीच, तर पुतणी अंबरोने बसावं. त्याला चटई पुरे होती.

रकाना २. पूर्वज (किमान बारा, क्रमाने, तोंडपाठ)

अकरा भरले. उलटे मोजले, तरी अकरा. सगळ्यात वरचा गोमार. तो दुष्काळात कुठूनसा आला आणि वाल्दीक कुळाचा पाहुणा होऊन राहिला. त्याला बापाचं नाव विचारायचं राहून गेलं.

"काका, द्या ना एखादं नाव ठोकून," अंबरो म्हणाली.

"पूर्वज ठोकून देता येत नाही, पोरी. तिथे समितीत कुळाकुळांचे चाळीस म्हातारे बसलेत. एकेकाला दुसऱ्याचा खापरपणजोबा पाठ. मागून आणावा लागेल."

(ह्या भेटीला अर्जात रकाना नाही)

वाल्दीकांचा मुखिया गेदी बाभळीखाली उंटिणीचं दूध पीत बसला होता. त्याच्याकडे एकतीस पूर्वज होते, शिवाय त्यांचे भाऊबंद.

"एक पूर्वज हवा होता," बुल्हान म्हणाला. "खुर्च्यांचा निकाल लागेपर्यंत."

"कसा हवा?"

"कसाही. वापरात नसलेला चालेल."

गेदीने दाढी खाजवली. "धूबो ने. वाल्दीकबाबाचा थोरला. काडीपैलवान होता, लग्नाआधीच गेला. पोरबाळ नाही, नुसता पडून आहे. पण नीट वापर हो."

"जसा नेला तसा आणून देतो."

"शब्द?"

"शब्द."

रकाना २, पुन्हा

बारा. गोमारच्या डोक्यावर धूबो असा चपखल बसला की संध्याकाळपर्यंत एकशे चार घरांना तो पाठ झाला. तिसऱ्या दिवशी बायका सांगू लागल्या, अंबरोचा हट्टी स्वभाव थेट धूबोवर गेलाय. चौथ्या दिवशी कोणीतरी त्याच्या नावाने बकरं कापलं. मेला तेव्हा त्याला रडायला पोरबाळ नव्हतं. आता लोक त्याच्या आठवणी सांगताना एकमेकांचं बोलणं तोडत होते.

रकाना ५. कोणाची हरकत?

हरकत घेऊन गेदीच आला. थोरल्याच्या वंशाचे उंट विहिरीवर आधी पाणी पितात. दोन दिवस झाले, रेर गोमारांचे उंट वाल्दीकांच्या आधी पीत होते.

"काल तुझा धाकटा भाऊ आला तर मी उठून उभा राहिलो," गेदी म्हणाला. "त्या उंटचोरासाठी. मी."

"बसून राहायचंस."

"थोरली पाती आली की उठायचं, हे मीच पोरांना शिकवलंय. सगळी बघत होती."

"मग परत नेतोस का धूबोला?"

"निकालापर्यंतचा शब्द झालाय," गेदी करवादला. "मी काय शब्द मोडणारा वाटलो तुला?"

रकाना ६. निर्णय

समितीच्या कारकुनाने बाराही नावं ऐकली, चाळीस म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "खुर्ची मंजूर," कारकून म्हणाला आणि बुल्हानने लिहिलेल्या नावावर रेघ मारून त्याने वर लिहिलं: वाल्दीक, थोरली पाती.

"हे काय?"

"धूबोची लेकरं म्हणजे वाल्दीकच की. गोमार वेगळा कशाला लिहायचा?"

अंबरोने त्याची बाही ओढली. "काका, खुर्ची मिळाली. गप्प बसा."

"कोणाला मिळाली?"

बुल्हानने घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. गोमारपाशी आला आणि थांबला.

"गोमारचा बाप?" कारकुनाने विचारलं.

"माहीत नाही."

"अहो, मघाशी होता."

"मघाशी उसना होता."

चाळीस म्हातारे एकदम पायांकडे बघू लागले. मागे बसलेला गेदी खोकला.

"खुर्ची जाईल, आजोबा."

"जाऊ दे."

बाहेर आल्यावर अंबरो त्याच्यापासून चार हात दूर उभी राहिली. खुर्चीसाठी तिने दोन महिने भाषण घोकलं होतं. गेदी जवळ आला. "ठेवायचास की अजून. मी मागितला होता का?"

"आमच्यात त्याला करमत नव्हतं," बुल्हान म्हणाला.

रकाना ७. (कार्यालयीन उपयोगासाठी)

दुपारी भोंग्यावरून यादी वाचली गेली. आधी खुर्च्या मिळालेली कुळं. मग अपात्र अर्ज. तो एकच होता.

"रेर गोमार. पूर्वज अपुरे."

बुल्हान काठी टेकत कारकुनाच्या खिडकीशी गेला. "वारा होता. नीट ऐकू आलं नाही. पुन्हा वाचता का?"

कारकुनाने पुन्हा वाचलं. बुल्हान डोळे मिटून उभा होता.

अंबरो अजून त्याच्याकडे बघत नव्हती. ती खिडकीपाशी आली आणि कारकुनाला म्हणाली, "विहिरीपर्यंत पोचलं नसेल. जरा मोठ्याने."