पार्ट येत नाही

रेडिओकाकांच्या दुकानात रेडिओ यायचा बंद होऊन जमाना लोटला होता, तरी नाव काही सुटलं नव्हतं. आता दुकानच सुटणार होतं. शनिवारी दुकान विकत घेणारा चष्मेवाला किल्ली न्यायला येणार होता आणि त्याला दुकान रिकामं हवं होतं. काका स्टुलावर बसून फळ्यांकडे बघत होते. नुसतं बघूनच त्यांची कंबर मोडली होती.

फळ्यांवर काय नव्हतं! जाड पाठीचे टीव्ही, संगणक, प्रिंटर, टेप, बिजागरी तुटलेले लॅपटॉप. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर मालकाची ओळख आणि फोन नंबर. 'शिकवणीच्या बाई.' 'शिंपी.' 'वरच्या मजल्यावरचे आजोबा.' बघणाऱ्याला वाटावं, केवढा धंदा आहे! खरी गोष्ट अशी होती की यातली एकही वस्तू दुरुस्त झालेली नव्हती आणि होणारही नव्हती, कारण काकांचा उजवा हात थरथरत होता.

सुरुवातीला नुसती चहाची बशी वाजायची. मग सोल्डरिंग आयर्न वाजायला लागलं. डाख द्यायचा एका टाक्याला आणि तो जाऊन पडायचा शेजारच्या टाक्यावर. एका टीव्हीचं तर काकांनी असं मातेरं केलं की तो आणला होता त्याहून जास्त मेला. त्या दिवशी मालक आला तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पार्ट येत नाही हो." मालक मान हलवून गेला. हल्ली पार्ट खरंच येत नाहीत, सगळं चिकटवून बंद केलेलं असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेव्हापासून काकांनी दीड-दोन वर्षं या एका वाक्यावर वेळ मारून नेली. वस्तू येत गेल्या, फळीवर चढत गेल्या, आणि सगळ्यांचं भिजत घोंगडं झालं.

काकूंनाही त्यांनी तेच सांगितलं होतं. काकू दुपारी गल्ल्याशेजारी बसायच्या आणि फोन घ्यायच्या. "नाही हो, पार्ट नाही आला अजून. आला की कळवतील." त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की काकांना स्वतःचीच लाज वाटायची. आपल्यामुळे ही बिचारी नकळत खोटं बोलते, असं त्यांना वाटायचं. हात ते तिच्यासमोर खिशात ठेवायचे. डाव्या हाताने जेवायचे. विचारलं तर म्हणायचे, खांदा आखडलाय.

तर हा सगळा पसारा आता कुठे घालायचा, हा प्रश्न होता.

जुनी यंत्रं नीट सोडवून, काच, तांबं, बॅटऱ्या वेगळ्या करणारं एक केंद्र शहराच्या टोकाला होतं. तिथली एक मुलगी येऊन पाहून गेली होती. चटपटीत होती, पण खमकी. म्हणाली, "काका, सगळं नेते, फुकट नेते. पण या पट्ट्यांवर दुसऱ्यांची नावं आहेत. ज्याची वस्तू, त्याचा होकार हवा. संगणकात लोकांचं काय काय असतं. तुम्ही फोन करून विचारा, आणि मी येईन तेव्हा मला सांगा. तुमच्या शब्दावर नेईन."

तुमच्या शब्दावर! होकार मागायचा म्हणजे फोन करायचा. फोन केला की माणूस विचारणार, अहो, पार्टचं काय झालं? आणि मग जन्मभर या हाताने जे नाव कमावलं, ते त्याच हातापायी एका दुपारीत धुळीला मिळणार. दुकान गेलं तर जाऊ दे. रेडिओकाकांना काम जमेना म्हणून त्यांनी गल्लीला थापा मारल्या, हे मात्र मागे राहायला नको होतं.

भंगारवाला काही विचारत नाही. हा विचार मनात आला तेव्हा काकांनी तो झटकला. मग परत आला तेव्हा झटकण्याइतकं बळ राहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "काका? तुम्ही? आणि मला?"

त्याचंही बरोबर होतं. याच माणसाला काकांनी वर्षानुवर्षं गल्लीतून पिटाळलं होतं. दारोदार जाऊन सांगितलं होतं, याला संगणक देऊ नका, टीव्ही देऊ नका. हा मागच्या मोकळ्या जागेत वायरी जाळतो, काचा फोडून नाल्यात टाकतो, तो काळा धूर आपल्याच पोराबाळांच्या छातीत जातो.

"जास्त बोलू नकोस," काका म्हणाले. "उचल आणि चालू पड."

भंगारवाला कामाला लागला. त्याने पहिल्यांदा शिकवणीच्या बाईंचा संगणक खाली घेतला, पाय लावून त्याची वायर हिसडली आणि गाडीवरून हातोडा काढला. "इथंच फोडतो काका. कवच कशाला ओढत न्यायचं? आतलं काय ते घेतो."

त्याचा हात वर गेला. चिकटपट्टीवरचं नाव काकांच्या अगदी समोर होतं. बाईंनी तो संगणक दुपट्यात गुंडाळून, कडेवर घेऊन आणला होता, हे त्यांना आठवलं. रिक्षात मांडीवर ठेवला होता म्हणे, दणका बसू नये म्हणून.

"ठेव खाली!"

"अहो, पण तुम्हीच..."

"ठेव म्हणतो ना! माझी अक्कल चरायला गेली होती. जा तू."

भंगारवाला पुटपुटत गेला. काकू आतल्या बाकावर बसून केंद्रातल्या मुलीने सांगितल्याप्रमाणे जुन्या बॅटऱ्या काढून त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं, पण मान वर केली नाही. काकांनी फोन ओढला. काकूंसमोरच बोलावं लागणार होतं. दुकान एवढंसं, जाणार कुठे?

"बाई, मी रेडिओकाका. तुमचा संगणक आहे ना... तो केंद्रात द्यायचा म्हणतो. आतली डिस्क ते पार मोडून टाकतात, काळजी नको. तुमचा होकार हवा." इथे थांबता आलं असतं. "आणि बाई, पार्टचं खोटं होतं. पार्ट मिळत होता. माझ्या हाताने जमलं नाही. हात थरथरतो माझा."

"बरं बरं काका. द्या तुम्ही. काही हरकत नाही," बाई म्हणाल्या.

काकांना वाटलं, भली बाई आहे. मग त्यांनी शिंप्याला फोन लावला, तेच वाक्य परत म्हटलं. शिंपी म्हणाला, "द्या की काका, त्यात काय." वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "अरे, देऊन टाक, देऊन टाक." मनाची एवढी तयारी करून माणसाने आपली अब्रू उघड्यावर मांडावी आणि समोरच्याने ती ओलांडून पुढे जावं, तसं होत होतं. कुणी रागावेना. कुणाला नवल वाटेना. काका हळूहळू अस्वस्थ झाले.

त्यांनी बाईंना परत फोन लावला. "बाई, खरं सांगा. तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"काका, रागावू नका," बाई म्हणाल्या. " आम्हाला काकूंनी सांगितलं होतं. गेल्या वर्षीच. सगळ्यांच्या घरी जाऊन सांगितलं त्यांनी, की पार्ट येत नाही म्हटलं की हो म्हणा, आणि वस्तू परत मागू नका. फळ्या रिकाम्या झाल्या तर ते खचतील म्हणाल्या. मी तर नवा संगणक केव्हाच घेतला हो."

काकांनी फोन ठेवला. म्हणजे दोन वर्षं आपण गल्लीला फसवत होतो असं वाटत होतं, आणि सगळी गल्ली मिळून आपल्याला खेळवत होती! त्यांची कानशिलं तापली. 'आला का हो पार्ट?' असं दर आठवड्याला विचारणारा तो शिंपी! केवढा साळसूद चेहरा करून विचारायचा. आणि ही? ही तर समोर बसून शांतपणे बॅटऱ्यांना पट्ट्या लावत होती.

"सगळ्यांना सांगितलंस तू," काका म्हणाले.

"हो."

"मला सोडून."

काकूंनी चिकटपट्टी दाताने तोडली. "तुम्हाला काय सांगायचं होतं? हात तुमचा होता." मग त्यांचाही आवाज चढला. "मला कुणाशी तरी बोलायचं होतं हो. रोज ताटावर तुमचा डावा हात बघायचा आणि खांदा कसा आहे म्हणून विचारायचं. वीट आला मला त्या खांद्याचा."

भांडायलाही अंगात त्राण लागतं. काका उरलेले फोन करत राहिले, आणि प्रत्येक फोनवर पार्टचं खोटं होतं हे वाक्य पुन्हा म्हणत राहिले. समोरच्याला माहीत आहे हे कळल्यावर ते म्हणायला जास्त जड जात होतं.

ठरल्याप्रमाणे दुपारी केंद्राची गाडी आली. मुलीने बाह्या सरसावल्या. एकेक वस्तू खाली यायची, ती पट्टीवरचं नाव वाचायची, काका म्हणायचे, "होकार आहे." मग मुलगी कटरने वायर कापायची. त्यांची तशी रीतच होती. वायर कापली की ती वस्तू परत कुणी चालू म्हणून विकू शकत नाही. टीव्ही गेले, प्रिंटर गेले, बाईंचा संगणक गेला. फळ्या उघड्या पडत गेल्या तसं दुकान भलतंच मोठं वाटायला लागलं.

अगदी वरच्या फळीच्या कोपऱ्यातून मुलीने एक रेडिओ काढला. लाकडी कवचाचा, लहानसा. पट्टीवर नंबर नव्हता, नुसतं 'घर' लिहिलं होतं.

हा काकांनी स्वतः जोडलेला. लग्न नवं होतं तेव्हा एकेक सुटा भाग जमवून त्यांनी तो बनवला होता, आणि पुढे सगळा संसार स्वयंपाकघरात त्याच्या आवाजावर चालला. काकूंनी तो दुरुस्तीला आणून दिला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, काकांनी ठरलेलं उत्तर दिलं, आणि काकूंनी पुन्हा कधी विषय काढला नाही. स्वयंपाकघर तेव्हापासून मुकंच होतं.

"याचे मालक कोण?" मुलीने विचारलं. "त्यांना फोन झाला का?"

काका काकूंकडे वळले. सकाळपासून ते वाक्य इतक्या वेळा म्हणून झालं होतं की तोंडात बसायला हवं होतं. पण बसलं नव्हतं.

"पार्टचं खोटं होतं," ते म्हणाले. "एक साधा टाका सुटला होता. मी चार वेळा बसलो. हाताने नाही जमलं गं."

त्यांनी हात खिशातून काढला. तो जसा थरथरायचा तसा थरथरत होता. काकूंनी प्रथमच त्याच्याकडे उघड उघड पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मुलगी संकोचली. "काका, हा राहू दे ना. आठवण म्हणून ठेवा."

"नको," काकू म्हणाल्या. "घरात गप्प बसणारं एक होतं तेवढं पुरे झालं. न्या. माझा होकार आहे."

काकांनी मुलीच्या हातातलं कटर मागून घेतलं. त्याचं तोंड वायरीवरून घसरलं, परत घसरलं. काकू उठल्या, त्यांनी वायर दोन्ही मुठींत घट्ट ताणून धरली.

"आता कापा," त्या म्हणाल्या. "सावकाश. मी धरलीय."