दर्याकडे तोंड करून

मी बोलतेय ती मढच्या किनाऱ्यावरून. मी धर्मा कोळ्याची जुनी गाडी, काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांच्या घराण्यातली, पण रंगाने पांढरी. इथल्या बंगल्यांवर शूटिंग असलं की जुन्या काळातला डॉक्टर माझ्यातून उतरतो. त्यामुळे थोडा तोरा होता. आता नाही.

झालं असं, की माझा रबरी पाइप फुटला. धर्माने नवा बसवून रेडिएटरमध्ये पाणी भरलं. पण होडी ठेवतात तसं तो मलाही उतारावर दर्याकडे तोंड करून उभं करतो. नाक खाली, पाठ वर. पाणी काठोकाठ दिसलं, हवा मात्र माझ्या पोटातच अडकली.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या मुलीचं, नेत्राचं, होणारं सासर बघायला सगळे माहुलला निघाले. हवेमुळे तापमानाच्या काट्यापर्यंत पाणी पोचलंच नाही. तो थंड दाखवत राहिला आणि मी आतून उकळत होते. नेमकं सासरच्या दारात, बायका ओवाळायला उभ्या असताना, बॉनेटमधून वाफ फुसफुसली. नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "गाडी एवढी तापते, पोरगी कशी असेल?"

सगळे हसले. नेत्राही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. मला तिथेच गडप व्हावंसं वाटलं.

"बाबा, वाट लागलीय हिची," तिचा भाऊ कृणाल घरी आल्यावर म्हणाला. "लग्नाला भाड्याची आणू. हिला भंगारात दे."

धर्मा त्याच उतारावर, तसंच पुन्हा पाणी ओतत बसला. त्याची बायको पार्वती बघत होती. "अवो, शेकायची रबरी पिशवी भरताना तोंड वर धरतो ना? हिचं तोंड खाली. हवा जाणार कुठून?"

"मग काय, दर्याला पाठ दाखवू?"

"दर्या समजून घेईल," नेत्रा म्हणाली. "मी जाईन तर हिच्यातूनच. फिरव ना, बाबा."

धर्माने दर्याला हात जोडले आणि मला फिरवलं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, पाइप दाबत राहिला. गुडगुड करत बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, त्याने परत ओतलं. सगळ्यांदेखत मी ढेकरा देत होते. लाज वाटली, पण हलकंही वाटलं. बुडबुडे थांबले आणि काटा खरं बोलू लागला.

काल लग्न झालं. नेत्रा माझ्यातूनच सासरी गेली. अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या आणि पायाशी पाण्याने भरलेला कॅन. वाटभर तिची नजर काट्यावर होती. मी एकदाही तापले नाही. कॅन भरलेलाच परत आला, अजून सीटखाली आहे.

नेत्रा, माहेरी आणायला मीच येईन. त्या आत्याच्या दारातही उभी राहीन. फक्त तेवढा कॅन पायाशी घेऊ नकोस गं.